आधी चालवायचा खर्च, मग सुविधा

सोसायटीत खेळाच्या आणि विरंगुळ्याच्या सामाईक सोयी ठरवताना चर्चा "काय हवं?" यावरच अडकते. प्रत्येक सुविधेसमोर दोन आकडे लिहा: बांधायचा खर्च आणि दरवर्षी चालवायचा खर्च. पुढे वाद होतात ते दुसऱ्या आकड्यावरून.

जलतरण तलाव घ्या. कोणी पोहो वा न पोहो, पंप आणि फिल्टर चालवावाच लागतो, पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.२ ते ७.८ दरम्यान राखावा लागतो, क्लोरीन रोज तपासावं लागतं. पंप कधीतरी बदलावा लागणारच, त्यामुळे त्याची रक्कम पहिल्या वर्षापासून राखीव निधीत पडायला हवी. हे जमणार नसेल तर तलाव नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यामानाने बॅडमिंटनचं कोर्ट कमी खर्चात खूप काही देतं. आखणी १३.४ बाय ६.१ मीटर, भोवती मोकळी जागा. पिकलबॉलचं, म्हणजे छोट्या बॅटने भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू जाळीपलीकडे मारायच्या खेळाचं कोर्टही याच मापाचं असतं. वेगळ्या रंगाच्या रेषा मारल्या की एकाच जागेत दोन्ही खेळ बसतात. जाळीची उंची मात्र वेगळी, म्हणून खांब खाली-वर करता येणारे घ्या. कोर्ट उघड्यावर असेल तर लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन खेळणाऱ्यांच्या डोळ्यांवर येत नाही. पिकलबॉलचा टकटक आवाज शेजारच्या घरांना खरोखर त्रास देतो, तेव्हा जागा खिडक्यांपासून लांबची निवडा.

मागण्या मात्र घरोघरी लेखी मागवा. सभेत न बोलणाऱ्या ज्येष्ठांना बहुधा सावलीतले बाक आणि सपाट पायवाटच हवी असते.