नशा केली म्हणून गोळी चुकवू नका: एचआयव्हीच्या औषधांत होणाऱ्या चुका

मुंबईत गर्द ओढणाऱ्या किंवा सुई घेणाऱ्या मुलांमध्ये एक समज घट्ट बसलेला आहे: नशा आणि एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, गोळी पोटात एकत्र गेली की विष होतं. त्यामुळे ज्या दिवशी पावडर किंवा दारू घेतली, त्या दिवशी गोळी बाजूला राहते. रोज नशा करणाऱ्याचा हा 'एक दिवस' संपतच नाही. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच.

आज बहुतेकांना टीएलडी मिळते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधं असलेली ही गोळी दिवसातून एकदा घ्यायची. गर्द, गांजा किंवा दारूमुळे ती निकामी होत नाही आणि तिचं विषही होत नाही. दारू यकृताला जो त्रास देते तो गोळी बंद ठेवूनही देणारच. म्हणून नशा केलेल्या दिवशीही गोळी घ्याच. शक्य असेल तर नशेच्या आधी, सकाळच्या चहाबरोबर घ्या, म्हणजे नंतर विसरायची भीती नाही.

घरच्यांची चूकही याच समजातून येते. "आधी नशा सोड, मग बघू गोळ्यांचं," असं आई किंवा बायको काकुळतीने म्हणते. तिची तळमळ खरी असते, पण सरकारी उपचारात नशा सोडण्याची अट नाही. विषाणू कोणाचं व्यसन सुटण्याची वाट बघत नाही.

विसरलात तर? आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर तेवढी एकच घ्या, दोन एकदम नको. आठवडे किंवा महिने सुटले असतील तर पुन्हा एआरटी केंद्रावर जा. ओरडा बसेल म्हणून न जाणारे खूप आहेत. एखादा कर्मचारी चारचौघांत 'गर्दुल्ला' म्हणाला असेल तर तो अपमानच आहे. त्याची तक्रार करा, ओएसटी केंद्रातल्या (जिथे गर्दऐवजी डॉक्टरी देखरेखीखाली पर्यायी औषध देतात) कार्यकर्त्याला सोबत न्या, पण उपचार सोडू नका. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटीस बी सुद्धा दाबून ठेवतात. तो आजार असेल आणि गोळ्या अचानक बंद झाल्या, तर यकृताला मोठी सूज येऊ शकते.

आता टीबीचा गोंधळ, जो फार कमी लोकांना माहीत असतो. ओएसटीची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे, टर्की (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) लागत नाही, सगळं ठीक चाललंय. मग टीबी निघतो, त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध सुरू होतं आणि काही दिवसांत अंग मोडतं, नाक गळतं, झोप उडते. माणूस म्हणतो, एचआयव्हीची गोळी सोसत नाही, आणि सगळंच बंद करून परत सुईकडे जातो. खरं कारण असं की रिफाम्पिसिन ब्युप्रेनॉर्फिनचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं. ओएसटीतल्या मेथाडोन या दुसऱ्या औषधाचंही तसंच. ओएसटीच्या डॉक्टरला लगेच सांगा, ते डोस वाढवू शकतात. टीबीचा कोर्स संपला की तो परत कमी करावा लागतो, नाहीतर ओव्हरडोसचा धोका असतो. रिफाम्पिसिन डॉल्युटेग्रॅव्हिरलाही कमी पाडतं, म्हणून टीबीच्या काळात टीएलडीनंतर १२ तासांनी डॉल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी मिळते. ती चुकून जास्त दिलेली नसते. रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती आणखी दोन आठवडे चालू ठेवतात.

हे सगळं जुळायचं तर एआरटीच्या डॉक्टरला नशेबद्दल खरं सांगावं लागतं. पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या दुसऱ्या फळीच्या औषधांतलं रिटोनाव्हिर अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांचा असर धोकादायक वाढवतं. तिथे लपवणं जिवावर बेतू शकतं. अॅसिडिटीच्या औषधाचंही विचारून घ्या: अँटासिड घ्यायचं असेल तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

फुटपाथवर किंवा स्टेशनवर राहणाऱ्याची बाटली चोरीला जाते, भिजते. महिन्याच्या सगळ्या गोळ्या सोबत बाळगू नका. ड्रॉप-इन सेंटर (नशा करणाऱ्यांसाठी संस्थेने चालवलेली मदतीची जागा) किंवा ओएसटी केंद्र ठेवून घेत असेल तर तिथे ठेवा आणि चार-पाच दिवसांच्या गोळ्या कोरड्या डबीत घेऊन फिरा. ओएसटीसाठी रोज जावं लागत असेल तर तिथेच समोर एआरटीची गोळीही घ्यायची सवय लावा. हा मला सगळ्यांत भरवशाचा उपाय वाटतो.

पोलिसांनी उचललं तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला आणि वकिलाला सांगा की एआरटी चालू आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने कोठडीतल्या माणसालाही उपचाराचा हक्क दिला आहे. ग्रीन कार्डाचा (एआरटी केंद्राने दिलेल्या उपचाराच्या नोंदीचा) फोटो घरच्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या. गावी जाणार असाल तर निघण्याआधी केंद्राला कळवा, ते तिकडच्या केंद्रातून गोळ्या मिळण्याची सोय करतात. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ वर फोन करा, कॉल मोफत आहे.