कार्बन पकडण्याचं काम शिकायचंय? आधी डिस्टिलरीत जा

निपाणी, चिकोडी, खानापूरकडची पोरं केमिकल किंवा मेकॅनिकल झाल्यावर विचारतात, "दादा, कार्बन कॅप्चरमध्ये शिरायचं तर आयआयटीच लागते का?" कार्बन कॅप्चर म्हणजे कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधी पकडणं. मी उलट विचारतो, तुमच्या गावाजवळ डिस्टिलरी कुठली आहे? माझी सुरुवात तिथेच झाली, शिफ्ट ड्युटीवर.

मळी किंवा उसाचा रस आंबतो तेव्हा ग्लुकोजच्या एका रेणूतून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. वजनात ९२ला ८८. म्हणजे लिटरभर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो वायू, आणि तोही जवळजवळ शुद्ध. धुवायचा, वाळवायचा, दाबायचा, झालं. हाच वायू कोळशाच्या बॉयलरच्या धुरात १२ ते १५ टक्के असतो, गॅस टर्बाइनच्या धुरात ४च्या आसपास, सिमेंटच्या भट्टीत २० ते ३०. बाकी मुख्यतः नायट्रोजन, आणि खरा खर्च त्याच्यापासून वायू वेगळा करण्याचा. म्हणून कुठल्याही प्रकल्पाचं नाव ऐकलं की पहिला प्रश्न हाच: टक्के किती?

अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटरला मक्याच्या इथेनॉल कारखान्यातला असा वायू २०११ ते २०१४ दरम्यान खोल वाळूच्या खडकात सोडला, सुमारे दहा लाख टन. आपल्याकडे तो बहुतेक सोडा, ड्राय आइस, वेल्डिंगकडे जातो. धंदा म्हणून उत्तम. पण बाटली उघडली की वायू परत हवेत. याला हवामानाचं काम म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तुम्हाला मात्र कॉम्प्रेसर, ड्रायर, स्क्रबर हाताळायला मिळतात, ते महत्त्वाचं.

आता धुराकडे. तिथे अमाइन लागतं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारं रसायन. पाण्यात साधारण ३० टक्के एमईए (मोनोइथेनॉलअमाइन), ४० ते ६० अंशांवर वायू शोषतं आणि १२० अंशांच्या आसपास तापवलं की सोडतं. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. प्लांटमध्ये पकडलेल्या वायूच्या टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे दीड-पावणेदोन टन वाफ. ती आणायची कुठून? इथे आपल्या भागातल्या पोरांना फायदा आहे. टर्बाइनमधून बाहेर पडणारी एक्झॉस्ट वाफ जवळपास याच तापमानाची असते, आणि हंगामात तिचा कण न् कण रस आटवायला लागतो, हे बॉयलर हाऊसमध्ये राबलेल्याला सांगावं लागत नाही. मोठ्या शहरातला टॉपर रिबॉयलरचं, म्हणजे अमाइन तापवणाऱ्या भांड्याचं, समीकरण मांडतो. वाफ कुणाच्या तोंडची काढून घ्यायची, हा प्रश्न त्याला सुचत नाही. मुलाखतीत हाच मुद्दा स्वतःहून काढा.

सिमेंट वेगळं प्रकरण आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. यादवाड-लोकापूर पट्ट्यात हा उद्योग आपल्या दारात आहे, म्हणून त्याकडे डोळा ठेवा. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून वर्षाला ४ लाख टन पकडण्याच्या क्षमतेचा प्लांट आहे.

भारतात नोकऱ्या अजून मोजक्याच. तुतिकोरिनला २०१६ पासून बॉयलरच्या धुरातला वायू सोडा ॲशसाठी वापरतात, क्षमता वर्षाला ६०,००० टन. जमशेदपूरला टाटा स्टीलचा रोज ५ टनांचा प्लांट २०२१चा, एनटीपीसीचा विंध्याचलचा रोज २० टनांचा २०२२चा. म्हणून नुसत्या 'कार्बन कॅप्चर इंजिनिअर'च्या जाहिरातीची वाट बघू नका. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) बायोगॅसमधून सीबीजी, म्हणजे दाबलेला बायोगॅस, करताना कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावाच लागतो. तंत्र तेच, पगार आजपासून.

अभ्यासात मास ट्रान्सफर आणि थर्मो पक्कं करा. सिम्युलेशनचं महागडं सॉफ्टवेअर परवडत नसेल तर डीडब्ल्यूसिम मोफत आहे, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ते शिकवतो. अमाइनचा टॉवर त्यात बसवायला डोकं खाजवावं लागेल, तेवढं खाजवा. कन्नड बोलता येणं या भागात सक्तीचंच समजा. रिपोर्ट इंग्रजीत लिहाल, पण रात्री अडीचला पंप बंद पडल्यावर ऑपरेटर अण्णा कन्नडमध्येच बोलणार.

एक गोष्ट कॉलेजात कुणी सांगत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, फर्मेंटर आणि खड्ड्यांत तळाशी बसतो. हवेत तो ४ टक्के झाला की जिवाला धोका. पण तेव्हा ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम २०.१ वर येतो. ऑक्सिजन मीटरचा अलार्म बहुधा १९.५ला लावलेला असतो, म्हणजे तो गप्पच! कार्बन डायऑक्साइडचा वेगळा मीटर नसेल तर टाकीत उतरू नका, सुपरवायझर कितीही घाई करो.

इंटर्नशिप मागायची वेळ म्हणजे गाळप संपल्यानंतरची. ओव्हरहॉलिंग चालू असतं, टॉवर उघडे असतात, आतली ट्रे-पॅकिंग हात लावून बघता येते. सहकारी कारखाना असेल तर घरात किंवा भावकीत कुणी ऊस घालणारे सभासद असतातच. अर्ज त्यांच्या हातून पाठवा.