स्थलांतरितांच्या गल्लीतले बालपण कसे लिहून ठेवावे

मराठवाड्यातील शहरांत बाहेरून आलेल्यांच्या कितीतरी गल्ल्या वसल्या. निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज असलेले चाऊस, नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातले दखनी शीख, त्याच शहरातले तेलुगू भाषक पद्मशाली विणकर ही त्यांतली सहज आठवणारी नावे. या गल्ल्यांत वाढलेल्या माणसांची वये आता झाली आहेत, म्हणून त्यांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. पुढील सूचना विणकरांची गल्ली डोळ्यांसमोर ठेवून केल्या आहेत, तरी त्या अन्य वस्त्यांनाही लागू पडतील.

आरंभ मूळ गावापासून करावा आणि 'तेलंगणातून आलो' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. न्यू यॉर्कमधील इटालियन वस्तीचा अभ्यास करणाऱ्यांना असे दिसले, की मलबेरी स्ट्रीटवर प्रामुख्याने नेपल्सकडची माणसे राहत, तर जवळच्याच एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीची. बाहेरच्यांना ते सगळे इटालियनच वाटत, पण त्यांचे संत, बोली आणि सोयरिकी गावागणिक वेगळ्या होत्या. 1926 साली मलबेरी स्ट्रीटवर सुरू झालेला सॅन जेनारोचा उत्सव हा मुळात नेपल्सच्या संताचा उत्सव होता. आपल्याकडेही कुटुंब सिरसिल्ल्याचे की निजामाबादकडचे, आधी कोण आले, त्याने मागून कोणाला बोलावून घेतले आणि पहिली रात्र कोणाच्या ओसरीवर काढली, हे नावानिशी विचारावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. 1956 च्या आधी करीमनगरहून नांदेडला आलेला विणकर परराज्यात आला नव्हता, कारण दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यातच होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा माणसे जागची हलली नाहीत, मात्र त्यांच्या आणि मूळ गावाच्या मध्ये सीमा आली. त्यामुळे कुटुंब त्या तारखेच्या आधी आले की नंतर, हे आवर्जून टिपावे. मुलांच्या शाळेचे माध्यम आणि गावाकडचे जाणे-येणे यांविषयीची उत्तरे त्यावरून नीट उलगडतात.

'लहानपण कसे होते?' असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर 'फार कष्टाचे होते' यापलीकडे जात नाही. त्याऐवजी वस्तूंवर बोट ठेवावे. मागाचा खड्डा घरात कोणत्या भिंतीलगत होता, ताणी (उभे धागे) पसरायला गल्लीत जागा कोठे होती, सुताला लावायची खळ कशाची करत, सुताच्या कांड्या भरायला मुलांना कोणत्या वेळी बसवत, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा आवाज थांबला की घरातल्यांना काय कळत असे, अशा प्रश्नांनी माणूस बोलू लागतो. तेलंगणाकडच्या बतुकम्मा सणाविषयी विचारताना तर घाई मुळीच करू नये. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस चालणाऱ्या या सणात ताटावर फुलांचे थर रचतात. त्यांत तरवडाची पिवळी फुले आणि कुरडूचे तुरे लागतात. ती फुले आणायला मुले कोणत्या माळावर जात, थर कोण रचत असे, फेर कोणाच्या अंगणात धरत, शेजारच्या मराठी बायका त्यात येत का, आणि विसर्जन गोदावरीच्या कोणत्या घाटावर होई, ते सविस्तर लिहून घ्यावे. गाणी मात्र लिहून घेण्याआधी ध्वनिमुद्रित करावीत, कारण चाल कागदावर उतरत नाही.

वर्ष आठवत नसेल तर आग्रह धरू नये. रझाकारांच्या धामधुमीआधी की नंतर, सप्टेंबर 1948 च्या पोलिस ॲक्शनच्या वेळी वय काय होते, 1972 च्या दुष्काळात माग चालू होता का, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा घरात कोण होते, असे विचारले की काळ आपोआप जुळतो. गल्लीचा नकाशा सांगणाऱ्याकडूनच काढून घ्यावा. 2008 च्या गुरु-ता-गद्दी (गुरु ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याच्या) त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडचे रस्ते रुंद झाले, तेव्हा नकाशा त्याआधीचा की नंतरचा, हे कोपऱ्यात नमूद करावे.

कागदपत्रांत शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सर्वांत उपयोगी ठरतो. निजामकाळातील नोंदी बहुधा उर्दूत किंवा मोडीत असतात, म्हणून त्यांची छायाचित्रे घेऊन जाणकाराकडून वाचून घ्यावीत.

1948 च्या आठवणी काढताना मात्र फार सांभाळून बोलावे. त्या काळात दोन्ही बाजूंच्या माणसांनी सोसले आहे, आणि सांगणाऱ्याचा शेजारी किंवा त्याची मुले आजही त्याच गल्लीत राहत असतील. सांगणारा थांबला तर आपणही थांबावे. लिहिलेला मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवावा, तो जे वगळायला सांगेल ते वगळावे, आणि दुरुस्त केलेल्या प्रतीवर सांगणाऱ्याचे नाव, ठिकाण व तारीख घालून एक प्रत त्याच्या घरी आणि दुसरी गावातील सार्वजनिक वाचनालयात द्यावी.