हस्तकला विद्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होण्यापूर्वी

सोलापुरात धर्मादाय न्यासातर्फे चालणाऱ्या हस्तकला विद्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होण्यापूर्वी विद्यावेतन, सूत-रंगाचा खर्च आणि आपण काढलेल्या नक्षीवरचा हक्क या बाबी लेखी घ्याव्यात; अशा संस्थांत मनुष्यबळ तोकडे असल्याने दिवस पावत्या आणि प्रदर्शनाची मांडामांड यांतच सरण्याचा संभव असतो, म्हणून हातमागावरचे रोजचे तासही आधीच ठरवून घेणे इष्ट. सुरुवातीला कांड्या (आडव्या धाग्याच्या नळ्या) भरणे आणि ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांपैकी, तुटलेला धागा सांधणे एवढेच काम आले तरी कुरकुर करू नये, कारण सुताचा ताण बोटांना कळतो तो तिथेच. येथील अनेक विणकर कुटुंबांत घरी तेलुगू बोलली जाते. तिचे चार शब्द आत्मसात केल्यास एरवी मोजके बोलणारे ज्येष्ठ कारागीरही खुलून शिकवतात. विणलेल्या प्रत्येक नमुन्याचा तुकडा सूत क्रमांकासह (सुताची जाडी-बारीकी सांगणाऱ्या अंकासह) वहीत चिकटवावा.