सातवाहनांचं हत्तीचं नाणं कसं वाचायचं?

पैठण, तेर, नेवासे, भोकरदन. या जुन्या गावांच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडांतून, सातवाहनांची नाणी निघाली आहेत. कुणावर सोंड उचललेला हत्ती, कुणावर सिंह, बैल किंवा घोडा. धातू शिसं, तांबं किंवा पोटिन, म्हणजे तांब्यात कथील आणि शिसं मिसळलेला. हत्तीचं नाणं नवशिक्याला सगळ्यात सोपं, म्हणून तेच घेऊ.

आधी एक कळकळीची विनंती: घासू नका. चिंच-लिंबाने तांब्याचा तांब्या लखलखतो, पण नाण्यावरचा हिरवा थर गेला की अक्षरंही जातात. मऊ, कोरड्या ब्रशने सुटी माती तेवढी झटका.

खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. सपाट वाटणाऱ्या नाण्यावर सावल्या उमटतात. नाणं सावकाश फिरवा. हत्तीचे पाय खाली आले की थांबा.

आता कडेची अक्षरं, ब्राह्मी या जुन्या लिपीतली. सगळी मिळणार नाहीत, कारण ठसा मोठा आणि चकती लहान असल्याने बरीच बाहेरच राहून गेलेली असतात. म्हणून ओळखीची शोधा. अधिकच्या चिन्हासारखा ‘क’. वर-खाली आडव्या रेघा असलेला दांडा म्हणजे ‘ण’. नुसती उभी रेघ ‘र’. क आणि ण शेजारी दिसले, तर ‘सातकणि’ असण्याची शक्यता मोठी. ‘रञो सिरि सातकणिस’ यातला शेवटचा ‘स’ म्हणजे आपला ‘चा’: राजा श्री सातकर्णीचा. मात्र सातकर्णी अनेक होऊन गेले. लगेच त्यांतला प्रसिद्ध गौतमीपुत्र सातकर्णी ठरवू नका.

नाणं उलटा. अधिकच्या चिन्हाच्या चारही टोकांना वर्तुळं असतील, तर ते उज्जयिनी चिन्ह.

सोनाराच्या काट्यावर वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टीसह काढा. आणि नाणं कुठे, किती खोल, कशासोबत मिळालं ते त्याच दिवशी लिहा. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला पोटिन नाण्यांचा साठा एकत्र मिळाला, म्हणूनच कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतल्या राजांच्या याद्यांत नसलेली नावं कळली. नाणी सुटी विकली गेली की हा धागा तुटतो.

जमिनीत सापडलेलं असेल, तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेल्या धनाच्या) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.