केबल लावली पण ईसीयू बोलत नाहीये? यूएसबी-सिरियल ड्रायव्हरचा घोळ कसा सोडवायचा

चावी ऑन केली, लॅपटॉपला केबल लावली, ट्यूनरस्टुडिओ हे इंजिन ट्यून करायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि ते ऑफलाइनच दाखवतंय. अशा वेळी जवळजवळ प्रत्येकजण पहिला संशय ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, घेतो, मीही घेतला होता. कार्ब्युरेटर काढून स्पीडुइनो हा आर्डुइनोवर चालणारा ईसीयू बसवलेली एक जिप्सी होती, आम्ही दोन रविवार डॅशखाली आडवे पडून हार्नेसची (वायरिंगच्या जुडग्याची) एकेक पिन मल्टिमीटरने तपासली, ईसीयू बाहेर काढून परत बसवला, आणि शेवटी कळलं की केबल लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी भोकात लावल्यामुळे पोर्टचा नंबर बदलला होता, बाकी सगळं ठणठणीत होतं. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी केबलमधली चिप ओळखायची, मग ड्रायव्हर, मग पोर्ट नंबर, मग सॉफ्टवेअरची सेटिंग, आणि गाडीच्या वायरिंगला हात सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहितोय. विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय, कारण बहुतेकांचा गॅरेजचा लॅपटॉप तोच असतो.

सुरू करायच्या आधी एक काम. तुमच्याकडे चालू मॅपची, म्हणजे इंजिनला किती पेट्रोल आणि कधी ठिणगी द्यायची त्या तक्त्यांची, एमएसक्यू फाइल असेल तर तिची एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. आणि कनेक्शन मध्येच तुटतंय अशा अवस्थेत बर्न करू नका, म्हणजे मॅप ईसीयूत कायमचा लिहू नका, फर्मवेअर (ईसीयूचा स्वतःचा प्रोग्राम) तर अजिबातच टाकू नका. अर्धवट लिहिलं गेलेलं फर्मवेअर म्हणजे गाडी जागेवर उभी, आणि मग ड्रायव्हरचा साधा घोळ खरोखरच ईसीयूचा घोळ होऊन बसतो.

आता चिप, म्हणजे केबलमध्ये यूएसबीचं सिरियल करून देणारी. बाहेरून सगळ्या केबली सारख्याच दिसतात, निळ्या किंवा काळ्या, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा डीबी-९, पण आत काय बसलंय ते डब्यावर लिहिलेलं असतंच असं नाही आणि लिहिलेलं खरंच असेल असंही नाही. सोबत जी सीडी येते तिच्यातला ड्रायव्हर कधीकधी भलत्याच चिपचा असतो, त्यामुळे सीडी बाजूला ठेवा. केबल लावा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, "पोर्ट्स" खाली किंवा पिवळं चिन्ह घेऊन बसलेलं जे काही नवीन आलंय त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग यादीतून "हार्डवेअर आयडीज" निवडा. तिथे व्हीआयडी (कंपनीचा) आणि पीआयडी (वस्तूचा) असे दोन कोड दिसतील. ०४०३ आणि ६००१ असेल तर एफटीडीआयची एफटी२३२. ०६७बी आणि २३०३ म्हणजे प्रोलिफिकची पीएल२३०३. १ए८६ आणि ७५२३ म्हणजे सीएच३४०. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सीपी२१०२. हे कोड एका कागदावर लिहून केबललाच टेपने चिकटवा, पुढच्या वेळी अर्धा तास वाचतो.

स्पीडुइनोवाल्यांनी एक लक्षात घ्या, तुमच्याकडे वेगळी केबल नाहीये, ॲडॅप्टर आर्डुइनो मेगा बोर्डावरच असतो. ओरिजिनल मेगावर यूएसबीसाठी वेगळा एटमेगा१६यू२ असतो, स्वस्त क्लोनवर बहुतेक वेळा सीएच३४०. मेगास्क्वर्ट या दुसऱ्या ईसीयूच्या जुन्या बोर्डांवर मात्र डीबी-९ सॉकेट असतं, तिथे बाहेरची केबल लागते आणि ती सरळ लागते, पिना उलटवलेली नल मोडेम केबल चालत नाही.

चिप कळली की मग ड्रायव्हर. प्रत्येक चिपची आपापली खोड आहे.

प्रोलिफिकचा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. त्यांच्या जुन्या एचएक्सए चिपचं उत्पादन २०१२ ला बंद झालं, शिवाय त्या चिपच्या नकला बाजारात भरपूर होत्या, म्हणून कंपनीचे नवे ड्रायव्हर या जुन्या चिप मुद्दाम नाकारतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० येतो, किंवा नावाच्या जागीच ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याला गाठा, असा संदेश दिसतो. म्हणजे केबल मेलेली नसते, ड्रायव्हर तिच्याशी बोलायला तयार नसतो एवढंच. यावर चालणारा उपाय म्हणजे २००८ चा ३.३.२.१०५ हा जुना ड्रायव्हर टाकायचा. तो नुसता इन्स्टॉल करून भागत नाही, इन्स्टॉल केल्यावर डिव्हाइसवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, "ब्राउझ माय कॉम्प्युटर", मग "लेट मी पिक" असं जात जात यादीतून ती जुनी आवृत्ती हाताने निवडावी लागते. चालतं. पण विंडोज पुढच्या अपडेटला परत नवा ड्रायव्हर आणून बसवू शकतो, त्यामुळे माझं स्पष्ट मत, ही केबल ट्यूनिंगला वापरूच नका, दुसरी घ्या.

एफटीडीआय सगळ्यात भरवशाची, पण खरी असेल तर. २०१४ ला विंडोज अपडेटमधून असा एक ड्रायव्हर आला होता की तो नकली चिपचा पीआयडी बदलून शून्य करायचा आणि केबल कुठल्याच कॉम्प्युटरवर ओळखली जायची नाही. आरडाओरडा झाल्यावर तो मागे घेतला गेला, पण नंतरच्या ड्रायव्हरने वेगळा मार्ग धरला, नकली चिप सापडली की तुमच्या डेटाच्या जागी "नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड" हे शब्दच पाठवायचे. आता ईसीयूच्या उत्तराच्या जागी हे शब्द आले तर ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर त्याला कचराच समजणार, पोर्ट उघडतंय पण कंट्रोलर सापडत नाही असं दिसणार. जुन्या केबलचा पीआयडी ०००० दिसला तर कारण हेच.

सीएच३४० स्वस्त आणि एकंदरीत बरी आहे. तिचा अलीकडचा घोळ असा की ३.८ आवृत्तीचा ड्रायव्हर बसल्यावर काही क्लोन बोर्डांचं पोर्ट डिव्हाइस मॅनेजरमध्ये नीट दिसतं पण उघडायला गेलं की एरर येते. २०१९ च्या ३.५ वर परत गेलं की चालू होतं, वर सांगितलेल्या "लेट मी पिक" मार्गानेच. सीपी२१०२ बद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, कंपनीचा ड्रायव्हर टाका, चालते.

एकाच लॅपटॉपवर तीनचार वेळा वेगवेगळे ड्रायव्हर टाकून झाले असतील तर आधी साफसफाई करा. इंटरनेट बंद करा, हे विसरू नका, नाहीतर इकडे तुम्ही काढताय आणि तिकडे विंडोज परत आणतोय. डिव्हाइसवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल, आणि त्या खिडकीत ड्रायव्हरही काढून टाकण्याची जी चौकट असते तिच्यावर टिक. मग "स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस" करा. खाली दडलेला आधीचा ड्रायव्हर परत वर येईल, तोही तसाच काढा, असं करत करत पिवळं चिन्ह येईपर्यंत जा. पिवळं चिन्ह आलं म्हणजे पाटी कोरी झाली, आता हवा तो एकच ड्रायव्हर टाका.

पुढे पोर्ट नंबर. एफटीडीआयच्या चिपमध्ये सहसा स्वतःचा सिरियल नंबर असतो, त्यामुळे ती कुठल्याही भोकात लावली तरी तोच कॉम नंबर, म्हणजे पोर्टचा नंबर, मिळतो. सीएच३४० ला असा नंबर नसतो, त्यामुळे भोक बदललं की विंडोजला वाटतं नवीनच वस्तू आली आणि तो नवा कॉम नंबर देतो. आमच्या जिप्सीचे दोन रविवार यातच गेले. एक भोक ठरवा आणि त्याच्यावर रंगीत टेप लावा. काही वर्षं असंच चाललेल्या लॅपटॉपवर नंबर कॉम १७ वगैरे झालेला असतो आणि जुने प्रोग्राम तो बघतच नाहीत, फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या केकेएल या दोष तपासायच्या केबलीसोबत चालणारं व्हॅग-कॉम ४०९ हे सॉफ्टवेअर तर कॉम १ ते ४ च्या पलीकडे जातच नाही. नंबर बदलायला पोर्ट सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथे यादी असते. हवा तो नंबर "इन यूज" दाखवत असेल तर डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत "शो हिडन डिव्हायसेस" करा, फिकट रंगातली जुनी भुतं दिसतील, ती एकेक अनइन्स्टॉल करा, नंबर मोकळे होतात.

पोर्ट आहे, नंबर बरोबर आहे, तरी "ॲक्सेस डिनाइड" येतंय? मग दुसरा कुठलातरी प्रोग्राम ते पोर्ट धरून बसलाय. आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर उघडा राहिलेला असतो, वाइडबँडचं (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं) लॉगिंग सॉफ्टवेअर मागे चालू असतं. एका पोर्टवर एका वेळी एकच.

आता केबल खरंच चांगली आहे का ते गाडीशिवाय तपासा, ही चाचणी मला सगळ्यात आवडते कारण तिच्यात वादाला जागाच राहत नाही. केबल गाडीपासून पूर्ण काढा. डीबी-९ च्या पिन २ आणि ३ एका छोट्या वायरने जोडा. पुटी हा टर्मिनल प्रोग्राम उघडा, सिरियल निवडा, कॉम नंबर टाका, फ्लो कंट्रोल "नन", लोकल एको बंद. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटलं तर केबल, चिप आणि ड्रायव्हर तिघेही ठीक आहेत, दोष पुढे आहे. वायर काढल्यावर अक्षरं उमटायची थांबली पाहिजेत, तेही बघा. मेगावर ही चाचणी अशी करता येत नाही, तिथे आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून एखादा रिकामा स्केच (प्रोग्राम) वेगळ्या, गाडीत नसलेल्या बोर्डावर चढवून बघा.

इथे एक इशारा. डीबी-९ वाली आरएस-२३२ केबल उणे-अधिक ५ ते १२ व्होल्टच्या आसपास बोलते, आणि सुट्या चार पिनांचे जे छोटे टीटीएल ॲडॅप्टर मिळतात ते ५ किंवा ३.३ व्होल्टवर. एकाच्या जागी दुसरं लावलं तर प्रोसेसरची पिन जळू शकते. वायर जुळतेय म्हणून लावू नका.

मग सॉफ्टवेअर. ट्यूनरस्टुडिओच्या कम्युनिकेशन्स मेनूत सेटिंग्ज, तिथे पोर्ट आणि बॉड रेट (डेटाचा वेग), आणि "टेस्ट पोर्ट" बटण. स्पीडुइनो आणि मेगास्क्वर्ट-२ ला ११५२००, अगदी पहिल्या मेगास्क्वर्टला ९६००. मेगा बोर्ड पोर्ट उघडताच स्वतःला रीसेट करतो, म्हणून पोर्ट उघडल्यानंतर थांबायची वेळ १००० मिलिसेकंद ठेवा, आणि आधी कनेक्ट करून मगच इंजिन चालू करा, चालू इंजिनवर कनेक्ट केलंत तर ते तिथल्या तिथे बंद पडू शकतं. एफटीडीआयवाल्यांनी ॲडव्हान्स्डमध्ये लेटन्सी टाइमर १६ वरून १ करा. ही चिप डेटा पुरेसा साठेपर्यंत किंवा हा टाइमर संपेपर्यंत थांबून राहते, ट्यूनिंगमधली उत्तरं छोटी छोटी असतात त्यामुळे प्रत्येक वेळी उगाच थांबणं होतं आणि गेज अडखळत चालतात.

माउसचा बाण स्क्रीनवर वेड्यासारखा उड्या मारतोय, आपोआप क्लिक होतंय? व्हायरस नाहीये. काही वाइडबँड कंट्रोलर न विचारताच सतत डेटा पाठवत असतात आणि केबल लावताना विंडोजला तो डेटा जुन्या काळच्या सिरियल माउसचा वाटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत "सिरियल बॉलपॉइंट" नावाचं काहीतरी आलेलं असेल, ते डिसेबल करा, अनइन्स्टॉल केलं तर परत येतं. एफटीडीआयमध्ये "सिरियल एन्युमरेटर" ची टिक काढली की मुळातच मिटतं.

आणि सगळं नीट चालतंय पण स्टार्टर मारला किंवा आरपीएम चढवला की कनेक्शन तुटतं, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका, तो इग्निशनचा नॉइज आहे. यूएसबी वायर दीड-दोन मीटरच्या आत ठेवा, कॉइल आणि प्लगच्या वायरींपासून लांब न्या, दोन्ही टोकांना फेराइटचा गोळा लावा. प्लग रेझिस्टरवाला आहे का बघा, एनजीके बीपीआर६ईएस मधला "आर" त्यासाठीच असतो, बीपी६ईएस मध्ये तो नाही. लॅपटॉप चार्जरवर असेल तर एकदा नुसत्या बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतं. काही न करता दहा मिनिटांनी तुटत असेल तर ते वेगळं, तिथे यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढा.

लिनक्सवाल्यांना दोनच गोष्टी: स्वतःचा युजर "डायलआउट" ग्रुपमध्ये टाका, आणि उबुंटू २२.०४ वर सीएच३४० लावताच गायब होत असेल तर ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय सेवा ती पळवतेय, तुम्हाला लागत नसेल तर काढून टाका.

कनेक्ट झालं की लगेच मॅपला हात लावू नका. इंजिन चालू करून पंधरा मिनिटं नुसतं लॉग करा, न्यूट्रलमध्ये दोनचार वेळा आरपीएम वर न्या, हेडलाइट आणि फॅन चालू-बंद करा, आणि लॉगमध्ये कुठे खंड पडलाय का ते बघा. खंड नसेल तर चाललेल्या ड्रायव्हरची इन्स्टॉल फाइल त्याच पेनड्राइव्हवर एमएसक्यूच्या शेजारी टाका, मग रस्त्यावर निघा, आणि गाडी चालवायला दुसरा माणूस घ्या, लॅपटॉप तुमच्या मांडीवर.