गाडीचं कूलंट घरी बदलताना: गळती शोधण्यापासून हवा काढण्यापर्यंत

इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातलं कूलंट पेट्रोलसारखं जळत नाही की संपत नाही. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी दर महिन्याला बोटभर खाली जात असेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर गळतंय किंवा इंजिनाच्या आत शिरतंय. ते न शोधता वरून नळाचं पाणी ओतून वेळ मारून नेली, की हेड गॅसकेटच्या (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलच्या) मोठ्या खर्चाची तयारी सुरू झालीच म्हणायची. म्हणून आधी गळती शोधायची आणि मगच कूलंट बदलायचं.

पाण्यावर का भागत नाही

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं बरेच जण विचारतात. बर्फ हे कूलंट घालण्याचं एक कारण झालं, आणि आपल्यासाठी ते सगळ्यात कमी महत्त्वाचं. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं असतात. इंजिनाचं हेड आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, ब्लॉक बऱ्याचदा बिडाचा. असे दोन धातू साध्या पाण्यात एकत्र आले, की झीज सुरू होते. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर आत क्षार धरतात. रेडिएटरच्या नळ्या मुळातच अरुंद असतात, त्या क्षाराने बुजल्या की नुसत्या धुण्याने मोकळ्या होत नाहीत.

दुसरं कारण उकळण्याचं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंश सेल्सिअसलाच उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण सपाटीवर, उघडं असताना, १०७-१०८ अंशांपर्यंत तग धरतं. रेडिएटरचं झाकण ०.९ ते १.१ बार दाब धरतं, त्यामुळे हाच आकडा १२५ च्या पुढे जातो. पण झाकण धड असेल तरच.

निव्वळ कूलंट, पाणी न घालता, कधीही भरू नका. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. आपल्या हवेत ४० ते ५० टक्के कूलंट योग्य. पाणी म्हणजे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. दुकानात शेजारीच बॅटरीचं आम्ल ठेवलेलं असतं, लेबल वाचून घ्या.

रंगावरून कूलंट ओळखू नका. हिरवा, लाल, निळा यांचा सगळ्या कंपन्यांना लागू असा नियम नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार पाहा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं साधारण पाच. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले की गंजरोधकांचा परिणाम घटतो आणि कधी चिकट गाळही धरतो. आत काय आहे हे माहीत नसेल तर भर घालू नका, सगळं काढून नवीन भरा.

गळती शोधणं

इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट चेहऱ्यावर येतं.

संध्याकाळी गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि सकाळी पाहा. डाव्या बाजूला पडलेलं बिनरंगी, बिनवासाचं पाणी एसीचं असतं. रंगीत, बोटांना तेलकट लागणारं असेल तर ते कूलंट. पुठ्ठा कोरडा निघाला म्हणजे गळती नाही असं नव्हे. थोडं थोडं पाझरणारं कूलंट गरम धातूवर वाळतं आणि मागे पांढरट किंवा रंगीत खपली राहते. टॉर्च घेऊन होज पाइपांची टोकं, रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते ती कड, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं) घर आणि वॉटर पंपाखालचं छोटं भोक तपासा. त्या भोकातून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं. पंप टायमिंग बेल्टवर (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या दातेरी पट्ट्यावर) फिरत असेल तर ते काम घरी करू नका. बेल्टचा एक दात चुकला तर कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

होज पाइप दाबून पाहा. चांगला पाइप दाबला की लगेच पूर्ववत होतो. दाबताना करकरला, क्लिपजवळ फुगलेला दिसला किंवा तेल लागून लिबलिबीत झालेला असेल तर बदला. इंजिन थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा पडलेला दिसला तर पाइपाला दोष देऊ नका, दोष झाकणाचा असतो. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब वाढला की कूलंट बाटलीत सोडतो, दुसरा इंजिन थंड होताना तेच परत ओढू देतो. दुसरा अडकला की पाइप आत ओढला जातो. पहिला कमकुवत झाला तर बाटली सतत भरून वाहते. दोन्ही वेळा नवं झाकण घ्या, पण त्यावर छापलेला दाब जुन्याइतकाच हवा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाचं झाकण बाटलीवर असतं. तिथे ती बाटलीही इंजिन गरम असताना उघडायची नाही.

बाहेर काहीच सापडलं नाही तर आत बघा. डाव्या सीटखालचा गालिचा ओला, केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर फुटलाय. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, झाकण काढल्यावर सतत बुडबुडे येत राहिले, किंवा डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं, तर हेड गॅसकेटचा संशय धरा आणि गॅरेजमध्ये जळलेल्या वायूची चाचणी करून घ्या. नुसत्या तेलाच्या झाकणाखाली मलईसारखं काही दिसलं तर घाबरू नका. रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते वाफेनेही धरतं.

गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव मिळतो. तो भोकाबरोबर हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतो. आडरानात अडकलात तर वापरा, एरवी नको.

कूलंट काढणं आणि आतून धुणं

साडेचार लिटर कूलंट मावणारी छोटी पेट्रोल गाडी धरून चालू. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. दहा लिटर डिस्टिल्ड वॉटर, अडीच लिटर पाणी न मिसळलेलं कूलंट, पक्कड, नरसाळं, मापाचा डबा, पसरट टब आणि रबरी हातमोजे लागतील. अख्खा दिवस हाताशी ठेवा, कारण प्रत्येक धुण्यानंतर इंजिन थंड व्हायची वाट पाहावी लागते.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. किल्ली काढलेली असतानाही काही गाड्यांचा पंखा अचानक फिरतो, म्हणून हात आत घालण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवा.

झाकण उघडा आणि रेडिएटरच्या तळाचा प्लास्टिकचा प्लग हाताने हळूहळू सैल करा. जोर लावला तर तो तुटतो. प्लग नसेल तर खालच्या होजची क्लिप पक्कडीने मागे सरकवून पाइप पिळत पिळत काढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला गेलात तर रेडिएटरची प्लास्टिकची मान तुटते, आणि मग गाठीला नवा रेडिएटरच. बाटलीतलं कूलंटही काढून तळाचा गाळ धुऊन घ्या.

निघालेलं कूलंट मापून घ्या, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. समजा, २.८ लिटर निघालं. म्हणजे ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये १.७ लिटर जुनं राहिलं, जवळजवळ ३८ टक्के. प्लग बसवा, डिस्टिल्ड वॉटर भरा, बॅटरी जोडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करा. वरचा पाइप तापून पंखा एकदा लागला की बंद करा. पूर्ण थंड होऊ द्या, मग काढा. एका धुण्यानंतर जुनं १४ टक्के उरतं, दुसऱ्यानंतर ५, तिसऱ्यानंतर २. दोन धुण्यांत पाणी स्वच्छ आलं तर तिसऱ्याची गरज नाही. तांबूस येतच राहिलं तर गंज खोलवर गेलाय. मग धुण्याचं खास द्रावण त्याच्या डब्यावरच्या मापाने आणि वेळेने वापरा.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. पोटात थोडं गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. उघडा टब सोडून जेवायला जाऊ नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, लेबल लावून, जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.

भरताना होणारी चूक

धुतल्यावर ब्लॉकमध्ये १.७ लिटर पाणी तसंच राहिलेलं असतं. अशा वेळी दुकानातलं तयार मिश्रण २.८ लिटर भरलं, तर साडेचार लिटरमध्ये खरं कूलंट फक्त १.४ लिटर येतं, म्हणजे ३१ टक्के. डब्यावर ५० लिहिलेलं असतं आणि गाडीत ३१ पडतं. म्हणून धुणार असाल तर पाणी न मिसळलेलं कूलंटच घ्या. आधी २.२५ लिटर कूलंट, मग साधारण ०.५५ लिटर डिस्टिल्ड वॉटर. न धुता फक्त रेडिएटर रिकामा केला असेल आणि आतलं कूलंट त्याच प्रकारचं असेल, तर तयार मिश्रण चालतं.

आता हवा काढायची. हवेचा बुडबुडा हेडमध्ये अडकला तर तिथला धातू कोरडा तापतो, आणि सेन्सरभोवती कूलंट नसेल तर तापमानाचा काटा खोटं बोलतो. रेडिएटरची मान सर्वांत उंच राहील अशी, तोंड चढाकडे करून गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. कूलंट बारीक धारेने ओता आणि मधूनमधून वरचा पाइप दाबा, गुडगुड आवाज करत हवा वर येईल. थर्मोस्टॅटजवळ हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की बंद करा.

झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर कमी वेगावर ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाईल. भर घाला. चेहरा लांब ठेवा, या वेळी कूलंट उसळतं. पंखा दोनदा लागून बंद झाला, खालचा पाइपही गरम झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा आली, की झाकण लावा. बाटलीत दोन खुणांच्या मध्ये भरा. बाटलीवरच दाबाचं झाकण असलेल्या गाडीत मात्र मॅन्युअलची पद्धत वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असते. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल तर हवा अजून आहे.

थर्मोस्टॅट काढू नका, पंखा डायरेक्ट करू नका

गाडी तापते म्हटल्यावर थर्मोस्टॅट काढून टाकणं आणि पंखा सतत फिरत राहील असा थेट जोडणं, हे दोन उपाय हमखास सुचवले जातात, आणि दोन्ही चुकीचे आहेत. थर्मोस्टॅट काढला की इंजिन वेळेत तापत नाही, इंजिनाचा संगणक जास्त पेट्रोल देत राहतो, तेलात वाफ आणि गाळ साठतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच आडवाट बंद करतो. तो काढला तर कूलंट रेडिएटर टाळून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. संशय असेल तर जुन्या भांड्यात पाणी घेऊन, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून तापवा आणि थर्मामीटरने पाहा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. ते भांडं परत स्वयंपाकाला नको.

पंख्याची तपासणी सोपी आहे. एसी लावला की थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज आणि रिले बघा, मग मोटरला थेट बॅटरीची वीज देऊन पाहा. गाडी ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर ठीक राहते, तर दोष पंख्याकडे असण्याची शक्यता जास्त. हायवेवर तापत असेल तर रेडिएटर बुजलाय किंवा पंप कमी पडतोय.

रेडिएटर बाहेरूनही बुजतो. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, या दोघांच्या फटीत कोकणातली लाल माती किंवा उसाचं पाचट जाऊन बसतं. समोरून ते दिसतही नाही. इंजिनाच्या बाजूकडून पुढे, साध्या नळीने हलकं पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर जाळीचे पातळ पत्रे आडवे होतात.

बऱ्याच नव्या गाड्यांत काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो फार उशिरा लागतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर खरं तापमान पाहता येतं. बहुतेक गाड्यांत ते ८५ ते १०५ च्या दरम्यान खेळतं. घाटात ११० च्या पुढे चढत राहिलं तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि खालचा गिअर घ्या, म्हणजे पंप जास्त वेगाने फिरेल. तरीही उतरलं नाही किंवा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. निदान पाऊण तास झाकणाला हात नको. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. थंड झाल्यावर पातळी भरा आणि इंजिन सुरू करून बघा. तापमान लगेच पुन्हा चढलं तर गाडी टो करूनच न्या, मग गॅरेज दोन किलोमीटरवर का असेना.